दोन मापांचे रूळ बिनधक्क्याचे जोडायचे कसे? मॉडेल रेल्वेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

घरात हॉर्नबी कंपनीच्या जुन्या मॉडेल रेल्वे सेटचे जाड रूळ पडून असतात. कुणीतरी परदेशातून येताना चांगले, बारीक रूळ आणतं. दोन्ही जोडायला घेतले की जॉइनर (रुळांची टोकं जोडणारी धातूची छोटी पट्टी) एका बाजूला घट्ट बसतो आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळतो. कसंबसं बसवलं, तर त्या जागी गाडी टक्कन उडी मारते आणि मागचा डबा खाली उतरतो. नव्या मंडळींपैकी बरेच जण इथंच कंटाळतात, आणि जुने रूळ पुन्हा खोक्यात जातात. तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. हे काम घरच्या टेबलावर होतं, आणि त्याला लागणारी हत्यारं आपल्या कोल्हापुरात ज्या सहजतेनं मिळतात तशी फार थोड्या गावांत मिळत असतील.

पुढचं सगळं १६.५ मिमी गेजच्या रुळांबद्दल आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ (१:८७) आणि ब्रिटिश ओओ (१:७६) या दोन्ही मापांच्या गाड्या याच रुळांवर धावतात.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. चाकाला फक्त दोन जागा कळतात: रुळाचा माथा आणि माथ्याची आतली बाजू. या दोन जागा एका रेषेत आल्या की जोड जमला. रुळाचा पाय (खालचा रुंद भाग), स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या), बाहेरची बाजू यांत कितीही फरक राहिला तरी गाडीला त्याचा पत्ता लागत नाही. खरी रेल्वेही असंच करते. मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ १५६ मिमी उंच असतो आणि ६० किलोचा १७२ मिमी. हे दोन एकत्र येतात तिथं दोन्ही बाजूंना वेगवेगळा आकार असलेली कॉम्बिनेशन फिशप्लेट (रूळ जोडायची पोलादी पट्टी) लावतात. तिचं काम म्हणजे १६ मिमीचा हा फरक खालच्या अंगाला ठेवून माथे बरोबरीला आणणं.

१. तुमच्याकडे काय आहे ते मोजा

रुळाच्या मापाला ‘कोड’ म्हणतात. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. नेहमी भेटणारी मापं अशी:

कोड १००: २.५४ मिमी
कोड ८३: २.११ मिमी
कोड ७५: १.९ मिमी
कोड ७०: १.७८ मिमी

हॉर्नबीचे आणि बाकमनच्या ई-झेड ट्रॅकचे रूळ कोड १०० आहेत. काटोचा एचओ युनिट्रॅक कोड ८३ आहे. पेको तर १००, ८३ आणि ७५ अशा तिन्ही मापांत रूळ काढते, त्यामुळं नुसतं ‘पेकोचे रूळ आहेत’ म्हणून भागत नाही. डिजिटल व्हर्नियर घ्या आणि रुळाच्या मोकळ्या टोकाला, पायाच्या तळापासून माथ्यापर्यंत माप घ्या. खोक्यावरच्या छापापेक्षा व्हर्नियरवर विश्वास ठेवा, कारण जुन्या सेटच्या खोक्यांत भलतेच तुकडे येऊन पडलेले असतात.

बारीक रुळांचा एवढा आग्रह का, असं कुणी विचारेल. हिशोब करून बघा. आपल्या ६० किलोच्या रुळाची उंची ८७ ने भागली की साधारण १.९८ मिमी येते, ५२ किलोची १.७९ मिमी. म्हणजे कोड ७० हा जवळजवळ नेमका ५२ किलोचा रूळ झाला. कोड १०० उलट मोठा करून पाहिला तर सव्वादोनशे मिमीच्या आसपास जातो. एवढा उंच रूळ आपल्या रेल्वेत नाही. म्हणून लोक समोरच्या, डोळ्यात भरणाऱ्या स्टेशनाच्या भागात कोड ७५ किंवा ७० टाकतात आणि बोगद्यात, मागच्या अंगाला जुना कोड १०० वापरून खर्च वाचवतात. मला हीच वाटणी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

मोजतानाच लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर रूळ पोलादी आहे. आपल्या पावसाळ्यात तो गंजतो आणि गंजला की वीज नीट जात नाही. त्याला जोडत बसू नका, नुसतं दाखवायच्या साइडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला) ठेवून द्या. चुंबक चिकटला नाही आणि रंग पांढुरका असेल तर तो निकेल सिल्व्हर. गुजरीत, म्हणजे सोनारांच्या बाजारात, त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू आहे, चांदी त्यात अजिबात नसते. याच्यावर डाख (सोल्डरचा जोड) छान बसतो.

आणखी एक गोष्ट. कोड वेगळा असेल तर जोडता येतं, गेज वेगळा असेल तर येत नाही. कोल्हापूरची १८९१ ची लाइन मीटर गेज होती आणि १९७१ पर्यंत तशीच राहिली. तो काळ उभा करायची इच्छा इथल्या अनेकांना असते, आणि ती फार चांगली इच्छा आहे. पण त्यासाठी १२ मिमी गेजचा एचओएम रूळ लागतो. तो १६.५ मिमीला कुठल्याच युक्तीनं लागत नाही. मिरजेला ब्रॉड, मीटर आणि लातूरकडचा नॅरो असे तिन्ही गेज येत होते. तिथंसुद्धा माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागायचा.

२. सामान गोळा करा

डिजिटल व्हर्नियर, बारीक कानशींचा संच, सोनाराची करवत आणि तिची पाती, चपट्या तोंडाची पक्कड, पितळी पत्र्याचा ०.२ मिमीच्या आसपासचा तुकडा. कानशी आणि करवत गुजरीत सोनारकामाचं सामान विकणाऱ्याकडे घ्या. मोठी हत्यारं उद्यमनगरात मिळतात. रूळ कापायला पक्कड कधीही वापरू नका, ती टोक चेपते. करवतीनं कापा आणि कानशीनं कड मारा.

डाखासाठी ६० वॅटची किंवा तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चा बारीक सोल्डर, राळेचं फ्लक्स (डाख धरायला मदत करणारा लेप). २५ वॅटची आयर्न बहुतेकांच्या घरात असते आणि तिच्यावरच भागवायचा मोह होतो. पण तिला रूळ तापवायला इतका वेळ लागतो की तोवर उष्णता रुळातून लांबवर पळते आणि प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. जास्त वॅटची आयर्न थोडा वेळ टेकवणं केव्हाही सुरक्षित.

फ्लक्सबाबत विशेष सांगतो. रेडिएटर दुरुस्त करणारे ॲसिड वापरतात, कल्हईवाले नवसागर. दोन्हींनी डाख पटकन धरतो हे खरं. पण ते रुळाच्या फटीत राहतं, हवेतली ओल ओढतं आणि हळूहळू जोड खाऊन टाकतं. फक्त राळेचं फ्लक्स.

याशिवाय दोन्ही मापांचे साधे जॉइनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, मार्कर, अॅल्युमिनियमचा एक सरळ अँगल, एमडीएफची सपाट पट्टी आणि १०० मायक्रॉनच्या ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या). शीट कशाला ते पुढं येईलच.

३. तयार जॉइनर की हातानं केलेला?

कोड १०० ते ८३ साठी ॲटलस आणि वॉल्दर्सचे ट्रान्झिशन जॉइनर मिळतात. एक अर्धा भाग जाड रुळाचा, दुसरा बारीक रुळाचा, मध्ये पायरी. मिळाले तर जरूर घ्या, मात्र ज्या कंपनीचे रूळ त्याच कंपनीचे घ्या. कोड म्हणजे फक्त उंची. पायाची रुंदी आणि जाडी कंपनीगणिक बदलते, म्हणून एकाच कोडचे दोन कंपन्यांचे रूळसुद्धा कधी कधी नीट लागत नाहीत.

जे पेकोचे ९ मिमीचे एन गेज रूळ वापरतात त्यांचं काम सोपं आहे. पेकोचा कोड ५५ चा रूळ मुळात उंचच असतो, त्याचा खालचा भाग स्लीपरमध्ये गाडलेला असतो. तो त्यांच्याच कोड ८० ला साध्या जॉइनरनं सरळ लागतो. त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

बाकीच्यांनी हातानं करायला शिकावं असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही दोन मापांना चालतो, टपालाची वाट बघावी लागत नाही, आणि डाख दिलेला असल्यामुळं तो तयार जॉइनरपेक्षा मजबूत असतो.

४. जागा निवडा

जोड सरळ रुळावर घ्या. वळणावर चाकाची कड आतल्या बाजूला घासून चालते, तिथं केसाएवढी पायरीही गाडी पाडते. आपला २१ मीटरचा आयसीएफ डबा एचओमध्ये साधारण २४५ मिमी होतो, एलएचबी २७० मिमी. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान ३० सेंमी सरळ रूळ असू द्या, म्हणजे पूर्ण डबा सरळ उभा राहून जोड ओलांडेल. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागेच्या) तोंडाशी, पुलावर, टेबलाच्या दोन फळ्या मिळतात तिथं, आणि हात पोचत नाही अशा बोगद्यात जोड नको. कोड १०० बोगद्यात संपवायचा असेल तर बोगद्याच्या तोंडाच्या थोडं आत, बोटं पोचतील इतक्यावर संपवा.

५. जोडतुकडा तयार करा

हा सगळ्या कामाचा गाभा आहे, घाई करू नका. टेबलावर पसरलेल्या रुळांवर थेट डाख द्यायच्या भानगडीत पडू नका. वेगळा १५ सेंमीचा जोडतुकडा बनवा: ७.५ सेंमी जाड, ७.५ सेंमी बारीक. तो नंतर मध्ये बसवायचा. त्याची दोन्ही टोकं आपापल्या मापाच्या साध्या जॉइनरनं लागतात.

अ) दोन्ही मापांच्या रुळांचे तुकडे कापा आणि स्लीपर सरकवून पूर्ण काढून ठेवा. टोकं कानशीनं काटकोनात घासा. पायाचा तळ बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा आणि अल्कोहोलनं पुसा. त्यानंतर तिथं बोट लावू नका.

आ) जाड रुळाचा जॉइनर घ्या, अर्धा जाड रुळावर चढवा. उरलेला अर्धा भाग पकडीत धरून सपाट दाबा, त्याची जीभ तयार होईल. बारीक रूळ या जिभेवर बसणार.

इ) आता रूळ उलटे करा. माथा खाली, पाय वर. एमडीएफच्या सपाट पट्टीवर दोन्ही रूळ माथ्यावर ठेवले की माथे आपोआप एका पातळीत येतात. इथं मापायची, अंदाज बांधायची गरजच उरत नाही. उंचीतला सगळा फरक आता वरच्या अंगाला, तुमच्या डोळ्यांसमोर असतो.

ई) अॅल्युमिनियमचा अँगल पट्टीवर स्क्रूनं पक्का करा आणि दोन्ही रुळांची आतली बाजू त्याला टेकवा. बारीक रुळाचा माथा अरुंद असतो, त्यामुळं बाहेरच्या बाजूला पायरी दिसेल. ती राहू द्या. जोडाच्या आजूबाजूला दोन-दोन सेंमी अँगलला खाच करून ठेवा, नाहीतर सगळी उष्णता अॅल्युमिनियमच ओढून घेईल.

उ) जिभेला हलकासा बाक देऊन ती बारीक रुळाच्या पायाला टेकवा. १०० आणि ८३ मध्ये ०.४३ मिमीचा फरक आहे, १०० आणि ७५ मध्ये ०.६३ मिमीचा. फट उरत असेल तर पितळी पत्र्याचा तुकडा सारा. नुसत्या सोल्डरनं मोठी फट भरू नका, असा जोड दिसायला भरीव पण अंगानं कच्चा राहतो.

ऊ) फ्लक्स लावा. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून जिभेवर टेकवा, सोल्डर आयर्नला न लावता रुळाच्या पायाला लावा. पाय पुरेसा तापला की सोल्डर स्वतःच फटीत ओढला जातो. हे सगळं काही सेकंदांत व्हायला हवं. आयर्न उचलल्यावर जोड थंड होईपर्यंत हात हलवू नका. डाख चमकदार आणि कडेला पसरलेला दिसला तर पक्का. मळकट, गोळ्यासारखा बसला असेल तर पुन्हा फ्लक्स लावून तापवा. खिडकी उघडी ठेवा, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

आता एक सापळा. डावा आणि उजवा रूळ एकमेकांचे आरसे आहेत. पहिला जोडला, तसाच दुसरा जोडला, तर दुसऱ्याची पायरी बरोबर आतल्या बाजूला येते आणि तुकडा वाया जातो. दुसऱ्याच्या वेळी जाड आणि बारीक यांच्या जागा अदलाबदल करा. सुरुवात करायच्या आधी चारही तुकड्यांच्या आतल्या बाजूला मार्करनं खूण करून ठेवली तर गोंधळ होत नाही.

ए) थंड झाल्यावर टूथब्रश आणि अल्कोहोलनं फ्लक्स काढा. आतल्या बाजूला सोल्डर सांडला असेल तर कानशीनं साफ करा, चाकाची कड तिथूनच जाते. माथ्याला कानस लावायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून अगदी हलका फिरवा.

ऐ) स्लीपर दोन्ही टोकांकडून परत सरकवा. जॉइनरच्या खाली येणाऱ्या दोन-तीन स्लीपरांवरचे खिळ्यांचे उठाव कापून टाका आणि त्यांची पाठ घासून पातळ करा. मग गेज तपासा: दोन्ही माथ्यांच्या आतल्या बाजूंमध्ये १६.५ मिमी.

६. खालची उंची भरा

रुळांच्या कोडमधला फरक म्हणजेच टेबलावरचा फरक असं धरून चालू नका. स्लीपरांची जाडीही वेगळी असते. दोन्ही ट्रॅक टेबलावर ठेवून स्लीपरच्या तळापासून माथ्यापर्यंतची पूर्ण उंची मोजा आणि त्यांची वजाबाकी करा. तेवढी भर बारीक ट्रॅकखाली घालायची.

फरक ०.५ मिमी आला असं समजा. जोडापाशी ओएचपी शीटचे पाच थर टाका, एक थर ०.१ मिमीचा. मग दर १२ सेंमीवर एकेक थर कमी करत जा. ६० सेंमीनंतर ट्रॅक टेबलाला टेकतो आणि उतार १२०० ला १ एवढाच राहतो. हा आकडा उगाच घेतलेला नाही. रेल्वेच्या नियमांत स्टेशन यार्डासाठी शिफारस याच उताराची आहे, आणि ४०० ला १ पेक्षा जास्त उतार तिथं चालत नाही, कारण उभे केलेले डबे आपोआप घरंगळतात. चांगल्या बेअरिंगचे मॉडेल डबेही घरंगळतात. जागा कमी असेल तर उतार करूच नका, पूर्ण यार्डाखाली सलग भर घाला.

पुठ्ठा आणि लग्नपत्रिकेचा जाड कागद सहज हाताशी असतो, पण जुलैत तो फुगतो. प्लॅस्टिकची शीट फुगत नाही. तिला फेव्हिकॉल धरत नाही, फेव्हिबाँडसारखा चिकटद्रव लावा.

७. वीज

जोडाच्या दोन्ही बाजूंना फीडरची, म्हणजे रुळाला वीज देणारी, तार वेगवेगळी द्या. डाख दिलेला जोड वीज नेतोच, पण तुकड्याच्या टोकांना असलेले साधे जॉइनर काळे पडले की नेत नाहीत. तार बाहेरच्या बाजूला, रुळाच्या कंबरेला (माथा आणि पाय यांच्या मधल्या भागाला) डाखा. ब्लॉक (विजेचे वेगवेगळे भाग) तोडायची इन्सुलेटेड फट या तुकड्यात घेऊ नका, पुढच्या जोडात घ्या.

८. चाचणी

आधी नख. माथ्यावरून आणि आतल्या कडेवरून दोन्ही दिशांनी फिरवा, अडकता कामा नये. मग स्टीलची पट्टी माथ्यावर उभी धरून मागं दिवा लावा, खालून उजेड दिसला की तिथं खड्डा आहे. त्यानंतर एक रिकामी बोगी हातानं ढकला. सगळ्यात शेवटी इंजिन, तेही सगळ्यात कमी वेगात.

खेचून नेलेली गाडी बऱ्याच चुका लपवते. गाडी मागून ढकलत न्या, लांब रेक, सगळ्यात हलका डबा पुढं. ती दोन्ही दिशांनी गेली तर जोड पास.

जोडावर काही होत नाही, पण बारीक रुळावर प्रत्येक स्लीपरला टकटक आवाज येतो? मग दोष चाकांचा आहे. जुन्या युरोपीय गाड्यांच्या चाकांची कड खोल असते आणि ती बारीक रुळाच्या खिळ्यांवर आपटते. आरपी-२५ या ठरावीक आकाराच्या चाकांची कड साधारण ०.६ मिमी असते, ती मोकळी जाते. अशा गाड्यांची चाकं बदला, किंवा त्यांना कोड १०० च्या लूपवरच फिरवा.

९. खडी टाका, आणि पावसाळ्यात एकदा बघा

रंग दिला की डाख दिसत नाही. रंग ओला असतानाच माथा पुसून घ्या. खडी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं बसते, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे ते खडीत मुरतं. चाचणी पूर्ण होईपर्यंत खडी टाकू नका, नंतर उकरणं फार जिवावर येतं.

तीन मीटरच्या रुळाला २० अंशांच्या फरकानं साधारण एक मिमीची वाढ होते, आणि प्लायवूड पावसाळ्यात वेगळंच फुगतं. म्हणून जोडतुकडा पक्का ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या साध्या जॉइनरमध्ये अर्ध्या मिमीची फट सोडा. हिवाळ्यात काम करत असाल तर थोडी जास्त. पहिल्या जुलैत डोळा रुळाच्या पातळीला आणून एकदा लांबून बघा. रूळ बाजूला फुगलेला दिसला तर जोडतुकड्याला हात लावू नका, पुढच्या साध्या जॉइनरपाशी सोनाराच्या करवतीनं फट वाढवा.